हप्ता कधी चुकवला नाही, तरी सिबिल कमी कसे?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात शिक्षक आहे. पगार नियमित आहे, मुदत ठेवी आहेत आणि स्वतःच्या कर्जाचा एकही हप्ता मी आजवर चुकवलेला नाही. तरीही घरकर्जाचा माझा अर्ज बँकेने ‘सिबिल ६५१ आहे’ एवढेच सांगून परत केला. चार वर्षांपूर्वी मावसभावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो. त्याचा याच्याशी संबंध असेल का? कर्जव्यवहारांचा अहवाल मागवला की गुण आणखी घटतात असे ऐकल्याने तो मी अद्याप पाहिलेला नाही.

उत्तर : आधी अहवाल मागवा. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण घटत नाहीत. आपण कर्जासाठी अर्ज केल्यावर बँक जी चौकशी करते तिची नोंद होते, आणि थोड्या दिवसांत अनेक बँकांकडे अर्ज केल्यास त्याचा परिणाम दिसतो. तेव्हा नकार मिळाला म्हणून लगेच दुसरीकडे अर्ज करू नका. आपण ज्याला सरसकट ‘सिबिल’ म्हणतो ती, कर्जफेडीच्या नोंदी ठेवून त्यावरून गुण देणाऱ्या चार कंपन्यांपैकी एक आहे. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या उरलेल्या तीन. या प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळण्याची सोय रिझर्व्ह बँकेने केलेली आहे.

गुणांच्या ३०० ते ९०० या मोजपट्टीत आपला पगार किंवा ठेवी मोजल्याच जात नाहीत. कर्ज देताना बँक त्या स्वतंत्रपणे पाहते. गुण मात्र केवळ उधारीच्या व्यवहारांवरून ठरतात.

आपली शंका रास्त आहे. जामिनाची सही आपल्याकडे नात्याचा मान राखण्यासाठी केली जाते आणि मग विसरली जाते, पण १८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ते कर्ज आपल्या अहवालात ‘जामीनदार’ म्हणून दिसते आणि ते थकले तर त्याचा डाग आपल्यालाही लागतो. म्हणून मावसभावाला संकोच न करता विचारा आणि त्याच्या शब्दावर न थांबता कर्जखात्याचा उतारा पाहा. थकबाकी भरली गेली तरी उशिराच्या जुन्या नोंदी लगेच पुसल्या जात नाहीत. पुढचे हप्ते वेळेवर जात राहिले तर त्या जुन्या नोंदींचा भार हळूहळू कमी होतो. थकबाकी पूर्ण न भरता बँकेशी तडजोड करून खाते मिटवले असेल, तर अहवालात ‘बंद’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि नव्या कर्जदात्याला तो खटकतो.

ट्रॅक्टरच्या कर्जात काही दोष नसेल, तर क्रेडिट कार्डाकडे वळा. पन्नास हजारांच्या मर्यादेपैकी पंचेचाळीस हजार दरमहा वापरून पूर्ण फेडणारा माणूसही कागदावर कर्जावर विसंबलेला दिसू शकतो, कारण बिल फेडण्यापूर्वीची बाकी कळवली गेलेली असू शकते. वापर मर्यादेच्या साधारण तीस टक्क्यांच्या आत ठेवावा किंवा बिल निघण्यापूर्वीच काही रक्कम भरावी.

अहवालात चूक आढळली तर संबंधित कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. बँकेने दुजोरा दिल्याशिवाय कंपनी नोंद बदलत नाही. तीस दिवसांत निवारण न झाल्यास पुढच्या प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे, म्हणून तक्रारीची पोच जपून ठेवा.

प्रश्न : बारा वर्षांचे जुने कार्ड मी वापरत नाही. बंद करू का?

उत्तर : वार्षिक शुल्क नसेल तर घाई नको. कार्ड बंद केल्यावर आपली एकूण मर्यादा घटते आणि उरलेल्या कार्डांवरचा तेवढाच खर्च प्रमाणाने जास्त दिसू लागतो. शुल्क भरावे लागत असेल, तर मात्र काही गुणांसाठी दरवर्षी पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही; बाकी शून्य करून ते बंद करा आणि काही देणे उरले नसल्याचे ‘नो ड्यूज’ पत्र मागून घ्या.