मोठा पंप आणण्याआधी पाइप बघ

अरे, फिश टँकमध्ये परत येणारी पाण्याची धार मंद झाली म्हणून लगेच मोठा पंप आणायची घाई नको. पंपाच्या खोक्यावरचा तासाला २००० लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी जितकं वर चढवशील तितका तो घसरतो. आधी टँकमध्ये पाणी परत सोडणाऱ्या पाइपाखाली १० लिटरची बादली धर (संपवर, म्हणजे पंप असलेल्या खालच्या टाकीवर लक्ष ठेव, पाणी उतरलं तर पंप उघडा पडेल). ४० सेकंदांत भरली, म्हणजे तासाला जेमतेम ९०० लिटर.

पंपाचं तोंड २० मिमीचं असलं तरी पुढे २५ मिमीचा पाइप जोड. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन लाव. माझ्याकडे तर पाइपातल्या बुळबुळीत थरानेच धार मेली होती. बाटली घासायचा ब्रश फिरवला तर काळपट गाळ निघाला. व्हॉल्व्ह लावायचाच तर पंपाच्या पुढे. शोषणाची बाजू कधीच आवळू नकोस, पंप खरखरायला लागतो.