संगीत मंडळाचा हॉल पुनर्विकासात जाणार असेल तर : सह्यांच्या आधी करायची कामं

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती अशी आहे: संगीत मंडळाच्या मालकीचा १२० श्रोत्यांचा हॉल, साठ वर्षांची इमारत, कार्यकारिणीची विकासकाशी बोलणी पुढे गेलेली, ‘नव्या इमारतीत हॉल देणारच आहेत’ असं तोंडी आश्वासन, आणि सभासद म्हणून आपल्या हातात काय आहे हा प्रश्न. हातात बरंच आहे, पण ते करारावर सह्या होईपर्यंत.

पुनर्विकासाला सरसकट विरोध करण्यात शक्ती घालवू नका. जुनी इमारत कधीतरी नव्याने बांधावीच लागते. असे हॉल बहुधा करारातल्या एका ओळीत हरवतात: ‘विकासक संस्थेस अंदाजे १,३५० चौ. फुटांचा बहुउद्देशीय हॉल देईल.’ त्यात उंची नाही, खांब कुठे येणार ते नाही, मजला नाही, ताब्याची तारीख नाही. ही ओळ फोडून दोन पानांची करून घेणं हेच तुमचं काम.

आधी कागद. धर्मादाय कार्यालयातून संस्थेच्या परिशिष्ट १ चा (संस्थेचे विश्वस्त आणि मिळकती यांच्या सरकारी नोंदीचा) प्रमाणित उतारा काढा. हॉलची मिळकत त्यात नोंदलेली आहे का ते पाहा. ठरावावर सह्या करणारे विश्वस्त त्यात आहेत का, तेही पाहा. निवडणुका होत राहतात, पण विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम २२ खालचे चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद करण्यासाठीचे अर्ज) अनेक संस्थांत वर्षानुवर्षं प्रलंबित असतात. मग व्यवहार करण्याच्या अधिकारावरच बोट ठेवता येतं. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि सत्ताप्रकाराचा, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे याचा, रकाना वाचा. जमीन सरकारने किंवा पालिकेने ठरावीक कामासाठी दिलेली असेल तर त्यांची परवानगी आणि मूळ अटी दोन्ही लागू होतात. विकास योजनेत भूखंडावर सभागृह किंवा सांस्कृतिक वापर दाखवला असेल, तर तो बदलायला नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ ची प्रक्रिया करावी लागते. तिथे हरकतींसाठी एक महिना मिळतो.

खरा दरवाजा मात्र महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ मध्ये आहे. सार्वजनिक न्यासाच्या (ट्रस्टच्या) स्थावर मिळकतीची विक्री, अदलाबदल, बक्षीस, किंवा इमारतीचा तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय वैध ठरत नाही. विकसन करारात मिळकतीतले हक्क विकासकाकडे जातात, म्हणून त्यासाठीही ही मंजुरी घेतली जाते. ‘सर्वसाधारण सभेने ठराव केलाय, आता काय उरलं’ असं कोणी म्हणालं तर हे कलम दाखवा. अपवादात्मक स्थितीत मंजुरी मागाहूनही मिळू शकते, त्यामुळे ‘मंजुरी नाही, बघू’ म्हणून बसून राहणं धोक्याचं.

हरकत कोणाची ऐकली जाते हे नीट समजून घ्या. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या मंडळाचा प्रत्येक सभासद कायद्याच्या व्याख्येत हितसंबंधी व्यक्ती आहे. नुसता श्रोता, तो कितीही जुना असो, आपोआप त्यात येत नाही. पाच हजार ऑनलाइन सह्यांपेक्षा चालू वर्गणीच्या पावत्या जोडलेल्या तीस सभासदांच्या हरकती जड पडतात. वर्गणी थकली असेल तर आजच भरा. हरकतीत फक्त ‘अर्ज नामंजूर करावा’ एवढंच लिहू नका. आयुक्तांना न्यासाच्या हितासाठी अटी घालून मंजुरी देता येते, म्हणून ‘मंजुरी द्यायचीच झाल्यास पुढील अटींवर द्यावी’ अशी पर्यायी विनंती जोडा. मंजुरी फसवणुकीने, चुकीच्या माहितीवर किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवली असेल तर ती रद्दही होते. म्हणून तुम्ही दिलेलं प्रत्येक पत्र पोचपावतीसह जपा.

इमारत धोकादायक आहे असा मुद्दा हमखास येईल. त्या अहवालाची पूर्ण प्रत मागा, फक्त शेवटचं पान नको. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स, कार्बोनेशन, हाफ-सेल आणि कोअर या काँक्रीट व सळ्यांच्या चाचण्यांचे आकडे आणि त्या कुठे घेतल्या याचा नकाशा नसेल तर तो अहवाल म्हणजे नुसतं मत. स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून दुसरा अहवाल घ्या. मुंबईत दोन अहवाल परस्परविरोधी आले तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. पण चाचण्या खरोखरच वाईट आल्या तर हट्ट धरू नका. त्या छताखाली माणसं बसतात.

‘हॉल वापरातच नाही’ हा दुसरा हमखास येणारा मुद्दा. त्याला तीन वर्षांची बुकिंग वही, पावत्या आणि कार्यक्रमपत्रिका हेच उत्तर. मैफली, विद्यार्थ्यांच्या बैठका, तालमी, कार्यशाळा सगळं तारखेनिशी मांडा.

आता अटी. पहिलं काम म्हणजे आजचा हॉल मोजून ठेवणं. वास्तुविशारदाकडून लांबी, रुंदी, तुळईखालची उंची, मंचाचा आकार, दारं, कलाकारांची खोली यांचा नकाशा करून घ्या. रिकाम्या आणि भरलेल्या हॉलमध्ये, चार वेगवेगळ्या जागी, फुगा फोडून त्याचा आवाज चांगल्या रेकॉर्डरवर घ्या. त्यावरून ध्वनितज्ज्ञ निनादकाल, म्हणजे आवाज थांबल्यावर त्याचा घुमारा विरायला लागणारा वेळ, काढून देतो. हॉल पाडल्यावर हे आकडे कुठूनही मिळणार नाहीत, आणि ‘नवा हॉल आजच्यापेक्षा वाईट नसावा’ ही अट मोजता येते ती त्यांच्याच जोरावर.

उंचीसाठी भांडा. समजा हॉल ९ बाय १४ मीटर आहे आणि उंची साडेचार. घनफळ ५६७ घनमीटर, म्हणजे माणशी पावणेपाच. श्रोते, सतरंज्या, पडदे मिळून ध्वनिशोषण साधारण ९० चौरस मीटर धरलं तर निनादकाल येतो एक सेकंदाच्या आसपास. तेवढ्यात तानपुरा भरून राहतो आणि तबल्याचे बोलही सुटे ऐकू येतात. त्याच क्षेत्रफळाच्या हॉलला फॉल्स सीलिंगखाली तीन मीटर उंची मिळाली की घनफळ ३७८ वर येतं आणि निनाद ०.७ सेकंदाच्याही खाली. गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज परत मिळत नाही, तो माइक वाढवायला सांगतो आणि बैठकीची रयाच जाते. चौरस फूट तेवढेच दिले, करार पाळला, असं विकासक म्हणेल आणि त्याचं कागदोपत्री खरं असेल. म्हणून ‘तुळई, डक्ट आणि छत यांखाली निव्वळ ४.५ मीटर’ असे शब्द हवेत.

खांबांचं तसंच. वर फ्लॅट असतील तर खांब चार-साडेचार मीटरवर येतात आणि एखादा मंचासमोर उभा राहतो. ९ मीटरचा मोकळा गाळा हवा असेल तर ट्रान्सफर गर्डर (वरच्या खांबांचा भार पेलणाऱ्या मोठ्या तुळया) टाकावे लागतात, ते महाग असतात, आणि नंतर मागितले तर मिळत नाहीत. सोपा मार्ग म्हणजे हॉल मुख्य टॉवरच्या खाली न घेता पोडियमच्या (टॉवरच्या पायथ्याच्या पसरट, कमी उंचीच्या बांधकामाच्या) बाजूच्या भागात घेणं. तिथे उंचीही सुटते.

वरच्या फ्लॅटचे सांडपाण्याचे पाइप हॉलच्या छतातून नेतात, ही फार सर्रास होणारी गोष्ट. विलंबित ख्यालात मधेच फ्लशचा आवाज. ‘हॉलच्या छतातून व भिंतींतून कोणतीही सांडपाणी वाहिनी जाणार नाही’ ही स्वतंत्र अट घाला. पंपरूम, लिफ्टची भिंत आणि यांत्रिक पार्किंग हॉलला लागून नको, कारण त्यांची कंपनं भिंतीतून येतात. भिंती किमान २३० मिमी विटांच्या, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या असाव्यात. दारं दुहेरी, मधे छोटी लॉबी ठेवून. भिंत कितीही जाड असली तरी एकेरी दारातून सगळा आवाज बाहेर जातो. एसी चालू असताना रिकाम्या हॉलमध्ये ३० ते ३५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज नसावा.

मंजूर नकाशात हॉलवर काय लिहिलंय ते स्वतः वाचा. ‘कार्यालय’ किंवा ‘स्टोअर’ लिहिलं असेल तर पुढे कार्यक्रमांचे परवाने अडतात. फ्लॅटधारकांच्या सोसायटीची सोय म्हणून एफएसआयमुक्त (बांधकामाच्या अनुज्ञेय क्षेत्रफळात न मोजलेला) दाखवला असेल तर हॉल सोसायटीचा होतो, मंडळाचा राहत नाही.

करारात ताब्याचा क्रम बांधून घ्या: हॉलच्या भागाला भोगवटा प्रमाणपत्र मिळून ताबा दिल्याशिवाय ठरावीक मजल्यांवरच्या फ्लॅटना ताबा नाही. दंडाच्या कलमापेक्षा हे जास्त चालतं, कारण फ्लॅट घेणाराच विकासकाच्या मागे लागतो. सोबत बँक गॅरंटी, मधल्या काळातल्या पर्यायी जागेचं भाडं, आणि देखभाल व मालमत्ता कर झेपेल एवढा कॉर्पस फंड (ज्याच्या व्याजावर खर्च चालेल असा कायम निधी). नवा हॉल मिळाला पण महिन्याचा मेंटेनन्स परवडेना, म्हणून तो लग्नांना द्यावा लागला, असं होता कामा नये. स्वतंत्र प्रवेशद्वार, पाटीची जागा, एसीच्या बाहेरच्या युनिटची जागा, श्रोत्यांचं पार्किंग हे हक्क अभिहस्तांतरण दस्तातही (कन्व्हेयन्स डीडमध्येही) आले पाहिजेत.

शेवटचा आणि नेहमी विसरला जाणारा भाग नव्या शेजाऱ्यांचा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल मर्यादा आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आहे, बंदिस्त सभागृहातला आतल्यापुरता वापर मात्र त्यातून वगळला आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २०१४ पासून आणि इंग्लंडच्या नियोजन धोरणात २०१८ पासून असं तत्त्व आहे की जुन्या संगीतस्थळाशेजारी जो नवी घरं बांधतो, त्यानेच आवाज अडवण्याचा खर्च करायचा. आपल्याकडे या भरवशावर राहता येणार नाही, म्हणून तेच करारातून आणा. ध्वनिरोधाचा खर्च विकासकाचा, ताब्याआधी वरच्या फ्लॅटमध्ये त्रयस्थ तज्ज्ञाकडून मोजणी, आणि प्रत्येक फ्लॅटच्या विक्रीकरारात ‘इमारतीत मंडळाचा हॉल असून तिथे रात्री दहापर्यंत कार्यक्रम होतात’ हे कलम. यामुळे तक्रारी बंद होणार नाहीत, पण ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणत सोसायटी हॉलला कुलूप लावायला येऊ शकणार नाही.

पुढच्या सभेआधी परिशिष्ट १ चा उतारा, कराराच्या मसुद्याची लेखी मागणी आणि हॉलची मोजमापं ही तीन कामं उरका. मसुदा हातात आला की त्यातलं हॉलचं कलम इथे जसंच्या तसं टाका. कुठला शब्द बदलायचा ते ओळ वाचल्याशिवाय सांगता येत नाही.