स्क्विड उठतो आणि लगेच बसतो

प्रश्न : आमच्या हायस्कूलच्या संगणक कक्षात उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) स्क्विड प्रॉक्सी आहे, म्हणजे मुलांच्या संगणकांचं इंटरनेट ज्यातून जातं तो मध्यस्थ प्रोग्राम. पाऊस लागल्यावर विजेच्या लपंडावात कॅशेची (एकदा उघडलेली पानं साठवून ठेवण्याची) हार्ड डिस्क गेली, म्हणून नवीन घातली. आता सर्व्हिस क्षणभर चालू दिसते आणि बंद पडते. मुलांना 'प्रॉक्सी सर्व्हर कनेक्शन नाकारतो आहे' एवढंच दिसतं. स्क्विड काढून पुन्हा टाकला, तरी तेच. काय करावं?
– एक शिक्षक, वाळपई

उत्तर : सर, पुन्हा इन्स्टॉल करून नवीन डिस्कवर काहीच फरक पडत नाही. स्क्विड मरताना कारण लिहून मरतो. '/व्हार/लॉग/स्क्विड' या फोल्डरातली कॅशे लॉगची फाइल उघडा आणि तळाकडून वर वाचत 'फेटल' (FATAL) शब्द शोधा. बहुधा स्वॅप डिरेक्टरी (कॅशेचे फोल्डर) तपासता आल्या नाहीत, अशा अर्थाची ओळ सापडेल.

आधी खात्री करून घ्या. सेटिंगच्या फाइलमध्ये 'कॅशे-डिर' (cache_dir) ही कॅशे डिस्कवर कुठे ठेवायची ते सांगणारी ओळ असते. तिच्या सुरुवातीला # टाका, म्हणजे स्क्विड ती वाचणार नाही, आणि सर्व्हिस सुरू करा. ती ओळ नसली की स्क्विड नुसत्या मेमरीवर चालतो. त्यासाठी मुळातच २५६ एमबी राखलेली असते. तसा तो चालला, तर दोष डिस्कचाच. मुलांचे तास तोवर अडणार नाहीत.

आता मूळ दुखणं. त्या ओळीच्या शेवटी बहुतेक ठिकाणी १६ आणि २५६ असतं, म्हणजे १६ फोल्डर आणि प्रत्येकात २५६, एकूण ४,०९६. हे फोल्डर आधी तयार लागतात. ते 'स्क्विड -झेड' (squid -z) या आज्ञेनं होतात आणि अलीकडच्या उबुंटूत सर्व्हिस सुरू होताना ती आज्ञा आपोआप चालते. मग अडतं कुठे? मालकीत. नव्यानं फॉरमॅट केलेली डिस्क 'रूट' या मुख्य वापरकर्त्याच्या नावावर असते आणि उबुंटूत स्क्विड 'प्रॉक्सी' या वापरकर्त्याच्या नावानं वावरतो. परक्याच्या घरात त्याला भिंत बांधता येत नाही. 'चोन' (chown) ही मालकी बदलण्याची आज्ञा वापरून कॅशेचं फोल्डर 'प्रॉक्सी'च्या नावावर करा, # काढा, सर्व्हिस सुरू करा.

एक जपा: मालकी बदलायची ती डिस्क माउंट झाल्यावरच, म्हणजे ती कॅशेच्या फोल्डरावर जोडली गेल्यावरच. सत्तरी तालुक्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. एखाद्या दिवशी डिस्क माउंट न होताच मशीन उठलं, तर खालचं रिकामं फोल्डर रूटचंच राहिलेलं बरं. स्क्विड तिथे अडून लॉगमध्ये बोंब मारेल. ते फोल्डरही 'प्रॉक्सी'चं असेल, तर तो निमूटपणे मुख्य डिस्क भरत बसेल आणि ते तुमच्या लक्षात येईल परीक्षेच्या दिवशी!

'कॅशे-डिर'च्या ओळीतला जागेचा आकडा एमबीत लिहायचा. पूर्ण डिस्क देऊ नका, निदान वीस टक्के मोकळी ठेवा. आणि हल्ली बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणाऱ्या, असल्यानं साध्या मांडणीत कॅशेत फारसं काही साठत नाही. मेमरीवरच सगळं नीट चाललं, तर ती नवी डिस्क मुलांच्या प्रोजेक्टांच्या बॅकअपला लावा.