गोठलेला सर्व्हर आपोआप कसा उठेल?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा लिनक्स सर्व्हर महिन्यातून एकदोनदा गोठतो. कीबोर्ड चालत नाही, पिंग लागत नाही. कोणी जाऊन बटण दाबेपर्यंत काम ठप्प. लाइट जाऊन आली तरी मशीन बंदच राहतं. ते आपोआप सुरू होण्याची काही सोय आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आहे, आणि बहुधा तुमच्या मदरबोर्डवरच आहे. चिपसेटमध्ये वॉचडॉग नावाचा टायमर असतो. सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारं आणि सांभाळणारं सॉफ्टवेअर) त्याला ‘जागा आहे’ असा निरोप देत राहतं. मुदतीत निरोप आला नाही की तो मशीन रिसेट करतो. सिस्टमडीच्या ‘सिस्टम.कॉन्फ’ फाइलमध्ये ‘रनटाइमवॉचडॉगसेक’ ३० सेकंद करा आणि एकदा रीबूट करा. इंटेल बोर्डावर ‘आयटीसीओ’ ड्रायव्हर लागतो. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये त्याची ‘नो रीबूट’ अशी तक्रार दिसली, तर वॉचडॉग बहुधा बायोसमध्येच (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्येच) बंद आहे. सॉफ्टडॉगवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या वॉचडॉगवर, मात्र विसंबू नका. तो कर्नलच्या आतच चालतो, कर्नल गोठला की तोही गोठतो.

चाचणी केल्याशिवाय ही सोय झाली असं मानू नका. कामकाज संपल्यावर बॅकअप घ्या, डेटाबेस बंद करा, ‘सिंक’ ही कमांड चालवा, म्हणजे मेमरीत राहिलेलं डिस्कवर लिहिलं जाईल. ‘कर्नल.पॅनिक’ (कोसळल्यावर किती सेकंदांनी कर्नलने स्वतः रीबूट करायचं ती सेटिंग) शून्य, म्हणजे ‘रीबूट नको’, ठेवा, केडंप (कोसळताना मेमरीची नोंद घेणारी सोय) बंद करा. मग रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होऊन ‘प्रॉक’ फोल्डरमधल्या ‘सिसआरक्यू-ट्रिगर’ या फाइलमध्ये ‘सी’ अक्षर लिहा. कर्नल जागीच कोसळेल आणि ३० सेकंदांच्या आत मशीन रिसेट व्हायला हवं. ‘कर्नल.पॅनिक’ आधीच १० असेल तर कर्नल स्वतःच १० सेकंदांत रीबूट करतो आणि वॉचडॉग चालतो की नाही ते कळतच नाही. चाचणी झाली की मात्र १० कायमचं लिहून ठेवा.

लाइटचा प्रश्न बायोसमध्ये सुटतो. ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ला ‘पॉवर ऑन’ निवडा. ‘लास्ट स्टेट’ नको, कारण यूपीएसच्या सूचनेवरून मशीन नीट बंद झालेलं असेल तर त्याची शेवटची अवस्था ‘बंद’ हीच असते. शटडाउननंतर यूपीएसने आउटपुट तोडायलाही हवं. बॅटरी संपण्याआधी लाइट आली आणि आउटपुट चालूच राहिलं, तर वीज गेल्याचं बोर्डाला कळतच नाही.

एवढं झालं की मशीन उठेल, पण बिघाड तसाच राहील, आणि पैशांचा हिशेब असलेल्या मशीनवर तो झाकून ठेवणं धोक्याचं आहे. प्रत्येक रिसेटनंतर ‘जर्नलसीटीएल’ या लॉग दाखवणाऱ्या कमांडने मागच्या बूटच्या शेवटच्या ओळी वाचा, आयपीएमआय (सर्व्हरच्या हार्डवेअरवर स्वतंत्रपणे लक्ष ठेवणारी सोय) असेल तर त्याची घटनानोंदही बघा. महिन्यातून एकदोनदा गोठणाऱ्या मशीनमध्ये पहिला संशय रॅम, पॉवर सप्लाय आणि धुळीने कोंडलेला पंखा यांच्यावर घ्यावा. मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामच्या किमान ४ फेऱ्या रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर एकेक स्टिक वेगळी लावून पुन्हा तपासा.