मागच्या बाजूच्या वाट्या

प्रिय मुली,

तू पाठवलेले चौदाही फोटो दोनदा पाहिले. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरलेम्नोची ती जुन्या पिक्ट लोकांनी कोरलेली नागशिळा मी कधी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, त्यामुळे तुझ्या डोळ्यांनी पाहताना फार आनंद झाला. वरचा नाग, त्याखाली जोडचकत्या आणि त्यांना छेदणारा मोडका दंड, सगळ्यांत खाली आरसा आणि कंगवा. टाकीचे घावसुद्धा दिसतात. पण चौदाच्या चौदा फोटो पुढून काढलेले आहेत. एकही मागून नाही.

आणि पत्रात विचारतेस, "दगडाच्या मागचे वाटीसारखे खळगे पिक्टांच्या हजारो वर्षं आधीचे आहेत, माझा विषय चिन्हांचा आहे, मग प्रबंधात त्यांना एक ओळ पुरे ना?"

नाही पुरे. दगडाच्या पाठीमागे जा.

तुझा गोंधळ मला समजतो. चिन्हांवर ढीगभर मतं आहेत. कुणी त्यांत माणसांची नावं वाचतो, कुणी कुळं, कुणी लग्नसंबंध. 2010 साली तिघा अभ्यासकांनी संख्याशास्त्र लावून ही लिपीच असल्याचं मांडलं. अ‍ॅबर्डीन विद्यापीठाच्या पथकाने डनिकेअरच्या समुद्रकड्यावरच्या किल्ल्याचा काळ तपासून चिन्हांची सुरुवात तिसऱ्या-चौथ्या शतकापर्यंत मागे नेली. हे सगळं वाचून तुला वाटतं की आपणही एक बाजू घ्यावी, नाहीतर प्रबंध दुबळा दिसेल. असं मुळीच नाही. तू अजून दगडच पुरता पाहिलेला नाहीस, मग बाजू कशाची घेणार?

त्याच गावच्या चर्चच्या अंगणातली शिळा आठव. पुढे क्रूस, नक्षी, गुंतलेले प्राणी. लढाईचं प्रसिद्ध दृश्य मागे आहे, घोडेस्वार, भालेकरी आणि कोपऱ्यात पडलेल्या योद्ध्याला टोचणारा पक्षी. 685 साली पिक्टांनी उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्ब्रियाच्या एकफ्रिथ राजाला मारलं, ती ही लढाई असावी असं बरेच जण म्हणतात, काहींना ते पटत नाही. पण हा वाद घालायलाही कुणीतरी आधी दगडाला वळसा घालावा लागला.

मी एवढ्या हट्टाने का बोलते ते सांगते. तुझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी असेन तेव्हा. मराठवाड्यातल्या एका गावात वीरगळांची नोंद करत होते. देवळाच्या भिंतीला एक वीरगळ टेकवून ठेवलेला होता. खाली लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपिंडीची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. मी मापं घेतली, चित्र काढलं. तिथे बसलेली एक आजी म्हणाली, "पोरी, मागं वाट्या हायत बघ. आमी लहानपणी त्यात चिंचोके ठिवून खेळायचो." मी मान डोलावली. वीरगळाची पाठ कोरी असते, हे मला पाठ होतं. दोन माणसं बोलावून दगड जरा पुढे झुकवायला दहा मिनिटं लागली असती. पण शेवटची एसटी पाच वाजता होती आणि माझ्या यादीत अजून तीन गावं होती.

सहा वर्षांनी परत गेले. देवळाचा जीर्णोद्धार झाला होता. वीरगळ नव्या ओट्याच्या दर्शनी भागात बसवला होता, पाठ सिमेंटमध्ये. आजी गेली होती. त्या वाट्या खेळासाठी कोरल्या होत्या, की वीराच्या आधीच कधीतरी तो दगड उभा होता आणि नंतर कुणी तो त्याच्यासाठी निवडला, हे आता कुणालाच कळणार नाही. माझ्या वहीत त्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, "पाठ कोरी." न पाहता लिहिलेलं वाक्य आहे ते.

त्यानंतर मी पाठ पाहिल्याशिवाय एकाही दगडावर लिहिलं नाही. त्यापायी एक निबंध अकरा वर्षं अडला. भिंतीतल्या चार शिळांची मागची बाजू दिसत नव्हती, आणि मी तो छापू दिला नाही. लोक म्हणाले, हिला अर्थ सांगायची भीती वाटते. भीती नव्हती गं. एकदा खोटं लिहिलं होतं, दुसऱ्यांदा लिहायचं नव्हतं. संशोधनात थोडी घाई लागतेच, असं तुझ्या मनात आलं असेल. असेल लागत. मला जमलं नाही, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

आता तुझ्या वाट्यांकडे. एकदम दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. वाट्या दिसल्या की लोक भारावतात. क्लोरोफॉर्मने भूल देणारे एडिंबराचे डॉक्टर सिम्प्सन यांनी 1860च्या दशकात स्कॉटलंडमधल्या अशा खुणांवर लिहिलं. पुढच्याच दशकात ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांना आपल्या नागपूरजवळ जुनापाणीच्या शिळावर्तुळांवर वाट्या दिसल्या, आणि त्यांनी थेट युरोपातल्या वाट्यांशी नातं जोडायला सुरुवात केली. विदर्भातली ती वर्तुळं लोहयुगातली, इसवीसनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. स्कॉटलंडच्या वाट्या त्याहून दीड-दोन हजार वर्षं तरी जुन्या. दगडावर दगड ठोकला की खळगा गोलच पडतो. त्यावरून सोयरीक जुळत नाही.

तुझा प्रश्न याहून छोटा आणि फार चांगला आहे. नाग कोरणाऱ्या पिक्टाने त्या वाट्या पाहिल्या होत्या का? पाहिल्या असतील तर त्या मागे जातील असा दगड त्याने मुद्दाम उभा केला, की आधीच उभ्या असलेल्या दगडाची मोकळी बाजू वापरली? की दगड हाताशी होता म्हणून घेतला, एवढंच? याचं उत्तर चिन्हांच्या कोष्टकात नाही. ते पाठीवर असेल तर असेल. वाट्या जमिनीच्या रेषेखाली जातात का बघ. जात असतील तर त्या कोरल्या तेव्हा दगड बहुधा असा उभा नव्हता. वाटीच्या आतले घाव आणि नागाच्या रेषेतले घाव शेजारी ठेवून बघ. कुठली झीज जास्त? एखादी वाटी कडेला तुटलेली आहे का?

2020 साली त्याच गावाजवळ अ‍ॅबर्डीनच्या पथकाला सापडलेली शिळा तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. 1.7 मीटर लांब, 11व्या-12व्या शतकातल्या इमारतीच्या फरशीत घातलेली, आणि त्याच फरशीत कांस्ययुगातले कोरीव दगडही. म्हणजे त्या मातीत जुना दगड पुन्हापुन्हा उचलला जातो. प्रत्येक वेळी उचलणाऱ्याच्या मनात काय होतं, हाच तुझा प्रबंध आहे. आणि तू त्याला एक ओळ देणार होतीस!

मार्गदर्शकांना हे शांतपणे सांग. ते ऐकतील. नाही ऐकलं तरी पाठीची नोंद पूर्ण कर आणि परिशिष्टात घाल.

हिवाळा आला की रस्त्याकडेच्या त्या शिळांवर लाकडी खोकी चढतात, मग वसंतापर्यंत काही दिसणार नाही. त्याआधी जा. दुपारी नको, ऊन उतरल्यावर, टॉर्च घेऊन. उजेड बाजूने, अगदी दगडाला घासून सोड, म्हणजे उथळ वाटीही सावली धरते. खडू लावायचा नाही, शेवाळ खरवडायचं नाही, पाणी मारायचं नाही. मोजपट्टी फोटोत ठेव. प्रत्येक वाटीला क्रमांक, व्यास, खोली. शंका असेल तिथे शंका असंच लिही.

आणि मागून काढलेले फोटो मला आधी पाठव, नागाचे नंतर. दगडाची जाडीही कळव, ती तू लिहिलेली नाहीस.

तुझी,
मॅडम