बॅलन्सर काढताना मागचा सेन्सर जपा

तुमची २००३ ची ब्यूक लसेबर, पुढून उजव्या बाजूला ठकठक, आणि गॅरेजवाले म्हणतात रॉड बेअरिंग (इंजिनाच्या आत, पिस्टनच्या दांड्याचं) गेलं, इंजिन बदला. तुमचं हे वाचून राहवलं नाही. माझ्या २००१ च्या लसेबरला, याच ३८०० व्ही६ इंजिनाला, मिशिगनमधल्या एका गॅरेजने अगदी हेच सांगितलं होतं. गेलेला होता फक्त बॅलन्सर, म्हणजे क्रँकच्या पुढच्या टोकावरची, मध्ये रबर असलेली पुली. इंजिनावर एक पैसाही घालवू नका, आधी हे बघा: बॅलन्सरच्या मधल्या हबपासून बाहेरच्या कड्यापर्यंत खडूने एक सरळ रेघ मारा, थोडी गाडी फिरवून आणा. रेघ तुटून दोन तुकडे मागेपुढे झाले असतील तर मधलं रबर सुटलंय. झाले नसतील तर मात्र बेअरिंगची शंका उरतेच.

चाक, आतलं प्लास्टिक, बेल्ट हे तुम्ही काढालच. गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको. बोल्ट सोडवायला इम्पॅक्ट गन वापरा. ब्रेकर बार अडकवून स्टार्टर मारायची युक्ती लोक सांगतात. मला ती अजिबात पटत नाही, दांडा निसटला तर हात जातो.

आता माझी चूक. या इंजिनात बॅलन्सरच्या पाठीला पातळ पत्र्याची, खाचा पाडलेली दोन कडी असतात आणि ती क्रँक सेन्सरच्या फटीतून फिरतात. क्रँक कुठवर फिरला हे हा सेन्सर सांगतो, त्यावरच स्पार्क पडतो. मी साधा दोन पायांचा पुलर (ओढून काढायचं अवजार) बाहेरच्या कडेला लावला. बॅलन्सर तिरका निघाला, कड्याने सेन्सरचं प्लास्टिक चिरलं. केसाएवढी चीर, मला दिसलीच नाही. नवा बॅलन्सर बसवला, सगळं जोडलं, किल्ली फिरवली. इंजिन नुसतं फिरत राहिलं, स्पार्क नाही. मी बॅटरी, फ्यूज, कॉइल तपासत बसलो. दोन शनिवार-रविवार गेले, कारण सेन्सर बॅलन्सरच्या मागे; नवा बसवलेला पुन्हा उतरवल्याशिवाय ती चीर दिसत नाही.

म्हणून हबला आतून पकडणारा तीन हुकांचा पुलर घ्या. अमेरिकेत पार्ट्सच्या दुकानात डिपॉझिट भरून उसना मिळतो, परत केला की पैसे परत. उघडलंच आहे तर पुढचं ऑइल सील बदलून टाका. सेन्सर जुना असेल तर मी म्हणेन तोही.

बसवताना हातोडा नको. बोल्ट नवा घ्या, टॉर्क रेंचने १११ फूट-पौंडांपर्यंत आवळा आणि वर आणखी ७६ अंश फिरवा; गनने घट्ट करू नका. मी मेकॅनिक नाही, आणि हे आकडे याच इंजिनाचे आहेत, होंडा-टोयोटाला लावू नका. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलशी ताडून घ्या.

चाक लावण्याआधी बोल्टवर सॉकेट ठेवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, घड्याळाच्या दिशेने. टॉर्च मारून बघा, कडं फटीच्या बरोबर मधून जातंय ना. जराही खरखर आली तर तिथेच थांबा, किल्लीला हात लावू नका.