एनी पुरस्कार मिळालेलाच इंडी रोलप्लेइंग गेम घ्यावा का?

डी अँड डीचा, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या सगळ्यात गाजलेल्या रोलप्लेइंग गेमचा कंटाळा आलाय, आता छोट्या प्रकाशकांचं काहीतरी घ्यायचंय, तर टेबलावर बसून खेळायच्या अशा खेळांना दरवर्षी मिळणाऱ्या एनी पुरस्कारांची यादी प्रमाण मानावी का, असं तुम्ही विचारलंय. माना, पण विजेते सोडा आणि नामांकनं बघा.

पद्धतच तशी आहे. २००१ पासून चालू असलेल्या एनीत आलेल्या खेळांच्या ढिगातून पाच परीक्षक नामांकनं काढतात. सुवर्ण-रौप्य मात्र लोकांच्या ऑनलाइन मतांवर ठरतं. त्यामुळे ज्याचे चाहते जास्त, त्याचं पारडं जड.

तरी मतदारांना अगदीच चव नाही असंही नाही. २०२० मध्ये 'प्रॉडक्ट ऑफ द इयर'चं सुवर्ण मॉर्क बोर्ग या स्वीडिश खेळाने नेलं. पिवळीजर्द पानं, वाकडीतिकडी अक्षरं, आणि नियम मूठभर. त्याचा चित्रांविना साधा मजकूर फुकट मिळतो, आधी तो उतरवून घ्या.

त्याच वर्षी नियमांसाठीचं सुवर्ण टिम हचिंग्जच्या 'थाउजंड इयर ओल्ड व्हँपायर'ला मिळालं. हा वही घेऊन एकट्यानेच खेळायचा. दहा बाजूंच्या फाशातून सहा बाजूंच्या फाशाचा आकडा वजा करायचा, येईल तितकं पुढे किंवा मागे सरकायचं आणि तिथल्या प्रसंगावर व्हँपायरच्या तोंडून लिहायचं. डोक्यात आठवणी पाचच मावतात. नवीसाठी जागा हवी, तर जुनी खोडा नाहीतर डायरीत टाका, आणि ती डायरीही हरवू शकते. पोटच्या मुलीची आठवण खोडू की पहिल्या खुनाची, यावर मी पेन धरून बराच वेळ अडून बसलोय. इतक्या साध्या नियमातून एवढा त्रास फार कमी खेळ देतात.

बाकी वारं कुठे वाहतंय म्हणाल, तर २०१९ च्या फेब्रुवारीत लोकांकडून आगाऊ पैसे जमवून देणाऱ्या किकस्टार्टर या साइटने छोट्या रोलप्लेइंग पुस्तिकांसाठी झीनक्वेस्ट ही मोहीम सुरू केली आणि स्टेपल मारलेल्या पातळ पुस्तिकांना उधाण आलं. मग जानेवारी २०२३ मध्ये डी अँड डीची प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्टने ओपन गेम लायसन्स, म्हणजे इतरांना डी अँड डीचे नियम वापरू देणारा परवाना, बदलायचा घाट घातला. मसुदा फुटला, बोंबाबोंब झाली आणि महिना संपायच्या आत मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या कोणालाही वापरता येणाऱ्या परवान्याखाली खुले करावे लागले. पण उडालेला विश्वास काही परत आला नाही. मार्चमध्ये शॅडोडार्क या दुसऱ्या रोलप्लेइंग गेमने किकस्टार्टरवर दहा लाख डॉलरच्या वर जमवले आणि २०२४ च्या एनीत चार सुवर्णं नेली. खेळ चांगलाच आहे, पण एवढ्या गल्ल्यानंतर त्याला 'छोटा' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

डायना जोन्स पुरस्कारावरही नजर ठेवा. तो खेळालाच नव्हे, माणसाला किंवा चळवळीलाही मिळतो. ट्रॉफीत इंडियाना जोन्सवरच्या एका जुन्या खेळाचे जळके अवशेष आहेत; 'इंडियाना जोन्स'मधलं 'डायना जोन्स' एवढंच वाचता येत होतं, म्हणून हे नाव. हा विनोद मला भारी आवडतो.

छापील प्रत परदेशातून मागवलीत तर टपाल आणि कस्टम्सच पुस्तकाच्या किमतीला भिडतात. पीडीएफ घ्या. इच डॉट आयओ या छोट्या खेळांच्या साइटवर बरेच लेखक ऐपत नसणाऱ्यांसाठी 'कम्युनिटी कॉपी' फुकट ठेवतात. अडचण असेल तर बिनधास्त घ्या, कोणी कारण विचारत नाही.